तीव्र निकटदृष्टिता : नंबर चष्म्याचा, बदल डोळ्याच्या रचनेत

दूरचे अस्पष्ट दिसणे आणि त्यासाठी उणे नंबरचा चष्मा लागणे ही देशातील असंख्य कुटुंबांच्या परिचयाची बाब आहे. योग्य चष्मा लावला की फळ्यावरील अक्षरे आणि बसवरील पाटी स्पष्ट दिसू लागते व प्रश्न सुटला असे मानले जाते. नंबर लहान असेल तर बहुतेकांच्या बाबतीत हे खरेही ठरते. मात्र हा नंबर उणे सहा किंवा त्याहून अधिक झाला, म्हणजेच निकटदृष्टिता तीव्र स्वरूपाची झाली, की प्रश्न केवळ चष्म्यापुरता राहत नाही. अशा डोळ्याचा गोल मागच्या दिशेने लांबलेला असतो आणि त्याच्या भिंती पातळ झालेल्या असतात. या ताणाचे परिणाम चाळिशी-पन्नाशीत, कधी त्याआधीही, दृष्टी कायमची अधू करू शकतात. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स किंवा लेसर शस्त्रक्रिया यांपैकी कोणत्याही उपायाने डोळ्याची वाढलेली लांबी कमी होत नाही. म्हणूनच चष्मा गेला तरी डोळ्याच्या मागील भागाची तपासणी चुकवू नये, असे नेत्रतज्ज्ञ आवर्जून सांगतात.

पडद्यापूर्वीच उमटणारी प्रतिमा

डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण प्रथम पारपटलातून म्हणजे कॉर्नियातून आणि नंतर बाहुलीमागील भिंगातून जातात. या दोहोंमुळे ते वळतात आणि डोळ्याच्या आतील मागच्या भिंतीवर पसरलेल्या दृष्टिपटलावर एकत्र येतात. बोलीभाषेत दृष्टिपटलाला 'डोळ्याचा पडदा' म्हटले जाते. चित्रपटाचा पडदा यंत्रापासून ठरलेल्या अंतरापेक्षा मागे नेला तर त्यावरील चित्र धूसर होते. निकटदृष्टितेत असेच घडते. डोळ्याचा गोल लांबल्याने पडदा मागे सरतो, दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर तिचा अस्पष्ट ठसा उमटतो. अंतर्गोल भिंगाचा चष्मा किरणांना थोडे पसरवून प्रतिमा मागे, पुन्हा पडद्यावर आणतो. निकटदृष्टितेत किरण पडद्याच्या अलीकडे एकत्र येतात, हे स्पष्टीकरण खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६०४ मध्ये दिले होते.

नवजात बालकाच्या डोळ्याची समोरून मागपर्यंतची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते. पहिल्या काही वर्षांत ती झपाट्याने वाढते व प्रौढ वयात सुमारे २३.५ ते २४ मिलिमीटरवर स्थिरावते. या लांबीत प्रत्येक १ मिलिमीटरची जादा वाढ झाली तर चष्म्याचा नंबर सर्वसाधारणपणे अडीच ते तीन डायऑप्टरने वाढतो. त्यामुळे उणे सहा नंबर असलेल्या डोळ्याची लांबी बहुधा २६ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळते. अतितीव्र निकटदृष्टितेत ती ३० मिलिमीटरच्याही पुढे जाते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक ऐकण्यास किरकोळ वाटला तरी जेमतेम २४ मिलिमीटरच्या अवयवात तो फार मोठा असतो.

प्रत्येक मोठा उणे नंबर लांबीमुळेच आलेला असतो असे मात्र नाही. पारपटल शंकूच्या आकारात पुढे येण्याचा विकार किंवा उतारवयात मोतीबिंदूमुळे भिंगाच्या गाभ्याची वाढलेली घनता, यांमुळेही नंबर वाढतो. अशा डोळ्याची लांबी सामान्य असू शकते. केवळ चष्म्याच्या चिठ्ठीवरून डोळ्याच्या अंतर्भागाचा अंदाज करता येत नाही, तो याच कारणाने.

डोळा लांबतो कसा?

डोळ्याची वाढ किती व्हावी, याचे नियंत्रण मोठ्या प्रमाणात दृष्टिपटलाकडून होते. टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राव्हिओला यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवजात माकडांच्या पापण्या शिवून बंद ठेवल्या असता त्यांचे डोळे अवास्तव लांब व निकटदृष्टी झाल्याचे दिसून आले. डोळ्यापर्यंत पोहोचणारी प्रतिमा स्पष्ट नसेल तर वाढीची यंत्रणा भरकटते, असा त्याचा अर्थ होता. पुढे कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतही याला दुजोरा मिळाला. दृष्टिपटलाकडून निघणारे रासायनिक संकेत कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरातून डोळ्याच्या बाहेरील कठीण आवरणापर्यंत पोहोचतात. या पांढऱ्या आवरणाला श्वेतपटल म्हणतात.

श्वेतपटल मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. तीव्र निकटदृष्टितेत या तंतूंची जडणघडण बदलते. ते बारीक होतात, आवरणातील ऊतींचे प्रमाण घटते आणि आवरण ताणाला सहज बळी पडते. फुगा फुगवल्यावर तो सर्व बाजूंनी सारखा पातळ होतो, तसे डोळ्याच्या बाबतीत घडत नाही. समोरचा भाग जवळपास पूर्वीसारखाच राहतो आणि ताण प्रामुख्याने मागच्या ध्रुवावर येतो. परिणामी आरशात पाहून किंवा समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांकडे पाहून या बदलांचा सहसा सुगावा लागत नाही.

या वाढीमागे आनुवंशिकता आणि परिस्थिती अशी दोन्ही कारणे असतात. आई-वडील दोघेही निकटदृष्टी असतील तर मुलांमधील शक्यता वाढते. तासन्‌तास जवळून वाचन आणि मोकळ्या उजेडातील वावराचा अभाव यांचाही वाटा असतो. शाळेत जाण्यापूर्वीच मोठा नंबर आढळला तर मात्र मार्फान किंवा स्टिकलर यांसारख्या जन्मजात विकारांची शक्यता तपासणे आवश्यक ठरते.

थरांवर होणारे परिणाम

डोळ्याच्या मागच्या भिंतीत बाहेरून आत श्वेतपटल, कोरॉइड आणि दृष्टिपटल असे तीन प्रमुख थर असतात. डोळा लांबला की तिन्ही थर ताणले जातात. त्यांत कोरॉइडवरील परिणाम विशेष महत्त्वाचा आहे, कारण दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींना प्राणवायू व पोषण पुरविण्याचे काम हा थर करतो. दृष्टीच्या मध्यबिंदूखाली कोरॉइडची जाडी निरोगी तरुण डोळ्यात अडीचशे ते तीनशे मायक्रॉनच्या घरात असते. तीव्र निकटदृष्टितेच्या अनेक रुग्णांत ती शंभर मायक्रॉनच्या खाली उतरलेली आढळते. कोरॉइड विरळ झाला की तपासणीत त्यातील मोठ्या रक्तवाहिन्या जाळीसारख्या उघड दिसू लागतात. हा बदलाचा पहिला टप्पा होय आणि या टप्प्यावर रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही.

पुढच्या टप्प्यात डोळ्याच्या मागील भागात पिवळसर, फिकट पट्टे दिसू लागतात. त्यानंतर काही ठिकाणी कोरॉइड व त्यावरील पेशी पूर्णपणे नष्ट होऊन स्पष्ट कडांचे पांढरे डाग तयार होतात. त्या जागी पांढरे श्वेतपटल उघडे पडलेले दिसते. हा ऱ्हास दृष्टीच्या मध्यबिंदूपर्यंत पोहोचला तर वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे यांसारखी कामे अशक्य होतात. या अवस्थांची शून्य ते चार अशी आंतरराष्ट्रीय वर्गवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली असून निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञ आता तिचा वापर करतात.

कोरॉइड आणि दृष्टिपटल यांच्या सीमेवर ब्रूख पटल नावाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. ताण असह्य झाला की त्याला बारीक तडे जातात. जुन्या लाखकामावरील भेगांशी साम्य असल्याने या तड्यांना 'लॅकर क्रॅक' असे नाव मिळाले. काही रुग्णांत या कमकुवत जागेतून कोरॉइडमधील नव्या, नाजूक रक्तवाहिन्या दृष्टिपटलाखाली शिरतात. त्यांतून रक्त व द्रव पाझरतो आणि मध्यवर्ती दृष्टी अचानक बिघडते. सरळ रेषा वाकड्या दिसणे, दाराची चौकट किंवा वहीवरील ओळी मध्येच तुटल्यासारख्या भासणे ही त्याची लक्षणे होत. रक्तस्राव ओसरल्यानंतर मागे राहणारा गडद व्रण 'फुक्स डाग' या नावाने ओळखला जातो. १८६२ मध्ये फोर्स्टर यांनी आणि १९०१ मध्ये अर्न्स्ट फुक्स यांनी त्याचे वर्णन केले होते.

भिंतीला येणारा फुगवटा

तीव्र निकटदृष्टितेची सर्वांत ठळक खूण म्हणजे डोळ्याच्या मागील भिंतीचा एखादा भाग खोलगट होऊन बाहेर फुगणे. वैद्यकात त्याला स्टॅफिलोमा म्हणतात. द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ अंतोनिओ स्कार्पा यांनी १८०१ मध्ये त्याचे वर्णन केले. डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते. हेल्महोल्ट्झ यांचे ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण १८५१ मध्ये आले. त्यामुळे स्कार्पा यांचे वर्णन मृत्यूनंतर काढलेल्या डोळ्यांवर आधारलेले होते.

फुगवटा आला की डोळ्याचा मूळ गोलाकार बिघडतो. एमआरआय तंत्राने घेतलेल्या त्रिमितीय प्रतिमांमध्ये काही डोळे पिंपासारखे, काही नळकांड्यासारखे, तर काही नाकाच्या किंवा कानशिलाच्या बाजूला वाकडे झालेले दिसतात. याचे परिणाम गंभीर असतात. श्वेतपटल व कोरॉइड बाहेरच्या बाजूला झुकतात, परंतु दृष्टिपटलाची लवचिकता मर्यादित असते. त्यावरील रक्तवाहिन्या आणि डोळ्यातील जेलसारखा पदार्थ त्याला आतल्या बाजूला ओढून धरतात. या ओढाताणीत दृष्टिपटलाचे थर एकमेकांपासून विलग होऊ लागतात. कालांतराने मध्यबिंदूवर छिद्र पडण्याचाही धोका असतो. थरांचे हे विलग होणे साध्या तपासणीत ओळखणे अवघड असते. १९९१ मध्ये पुढे आलेल्या ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजेच ओसीटी तंत्रामुळे दृष्टिपटलाचा सूक्ष्म छेद सुईचाही स्पर्श न करता पाहता येऊ लागला. त्यानंतरच हा विकार नीट लक्षात येऊ लागला.

नसेवरील ताण आणि काचबिंदूचा धोका

दृष्टिपटलाकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या दृष्टिचेतेला लोक 'डोळ्याची नस' म्हणतात. ही नस डोळ्यातून बाहेर पडते ती जागा तपासणीत गोल तबकडीसारखी दिसते. लांबलेल्या डोळ्यात ही तबकडी तिरकी होते आणि तिच्या कडेला कोरेसारखा फिकट भाग उमटतो. नसेचे तंतू ज्या जाळीदार पटलातून बाहेर जातात ते पटलही पातळ होते. त्यामुळे डोळ्यातील दाब फारसा वाढलेला नसतानाही तंतूंना इजा होण्याची शक्यता वाढते. निकटदृष्टिता जितकी तीव्र तितका काचबिंदूचा धोका अधिक, असे अनेक पाहण्यांतून आढळले आहे.

येथे निदानाचीही अडचण उभी राहते. तबकडीचा आकार मुळातच बदललेला असल्याने काचबिंदूच्या खुणा आणि निकटदृष्टितेच्या खुणा एकमेकींत मिसळतात. ओसीटी यंत्रातील तुलनेची प्रमाणे बहुधा सामान्य लांबीच्या डोळ्यांवरून ठरविलेली असतात. त्यामुळे अशा रुग्णाच्या एकाच अहवालावर विसंबण्याऐवजी काही वर्षांचे अहवाल एकापुढे एक ठेवून बदल पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

पडदा सरकण्याची पूर्वसूचना

डोळ्याच्या पोकळीत काचेसारखा पारदर्शक जेल भरलेला असतो. वयानुसार तो पातळ होऊन दृष्टिपटलापासून सुटतो. तीव्र निकटदृष्टितेत ही क्रिया लवकर घडते. त्यातच दृष्टिपटलाच्या कडेचा भाग आधीच विरळ झालेला असतो आणि काही जागी जाळीसारखे कमकुवत पट्टे असतात. जेल सुटताना अशा जागी ओढ बसली तर दृष्टिपटल फाटते. फाटलेल्या जागेतून द्रव खाली शिरला की दृष्टिपटल भिंतीपासून सुटू लागते. यालाच 'पडदा सरकणे' म्हणतात. सुटलेल्या भागाचा कोरॉइडकडून होणारा पोषणपुरवठा थांबत असल्याने येथे प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

या विकारात वेदना होत नाहीत, हीच त्याची धोकादायक बाजू आहे. डोळ्यापुढे अचानक अनेक काळे ठिपके किंवा धागे तरंगू लागणे, अंधारात विजेसारखे लखलखाट दिसणे आणि एका बाजूने काळी सावली किंवा पडदा सरकत येत असल्याचा भास होणे या तीन सूचना लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. केवळ छिद्र पडले असेल तर त्याभोवती लेसरने डाग देऊन पडदा सुरक्षित करता येतो. पडदा सरकल्यावर मात्र शस्त्रक्रिया करावी लागते. मध्यबिंदू सुटण्यापूर्वी ती झाली तर चांगली दृष्टी राखली जाण्याची शक्यता पुष्कळ असते.

याशिवाय तीव्र निकटदृष्टिता असलेल्यांना मोतीबिंदूही तुलनेने लवकर होतो. दृष्टी मंद झाल्यावर नंबर वाढला असेल असे समजून केवळ चष्मा बदलत राहणे त्यामुळे योग्य नव्हे.

चष्मा गेला, लांबी राहिली

नोकरीच्या अटी, विवाह किंवा केवळ सोय म्हणून अनेक तरुण-तरुणी लेसर शस्त्रक्रिया करून चष्म्याला निरोप देतात. पात्र रुग्णांत या शस्त्रक्रियेने चष्म्यावाचून स्पष्ट दिसू लागते. तथापि तीत केवळ पारपटलाची वक्रता बदलली जाते. नंबर फार मोठा असल्यास डोळ्यात बसविण्यात येणारे जादा भिंगही प्रतिमेची जागा दुरुस्त करते, एवढेच. दोन्ही उपायांनंतर डोळा पूर्वीइतकाच लांब, कोरॉइड पूर्वीइतकाच विरळ आणि पडद्याची कड पूर्वीइतकीच नाजूक राहते. पडदा सरकण्याचा, काचबिंदूचा किंवा मध्यबिंदूच्या ऱ्हासाचा धोका नंबरबरोबर नाहीसा होत नाही.

उलट शस्त्रक्रियेनंतर दोन नव्या बाबी ध्यानात ठेवाव्या लागतात. लेसरने पारपटल पातळ झाल्यामुळे डोळ्यातील दाब मोजणारे उपकरण प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. दुसरे असे की, पुढे मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती काढताना मूळ वक्रता व जुना नंबर यांची माहिती उपयोगी पडते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचे कागद जपून ठेवावेत आणि दहा-वीस वर्षांनंतरही नव्या डॉक्टरांना आपला पूर्वीचा नंबर न विसरता सांगावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही हेच लागू पडते. किंबहुना लांब डोळ्यात मोतीबिंदू काढल्यानंतर पडदा सरकण्याचा धोका वाढत असल्याने पडद्याची तपासणी अधिक आवश्यक ठरते.

उपचारांची मर्यादा

लांबलेला डोळा पूर्ववत करणारा उपचार आज उपलब्ध नाही. नष्ट झालेला कोरॉइड व प्रकाशग्राही पेशी पुन्हा निर्माण करता येत नाहीत. उपचार होतात ते गुंतागुंतींवर. दृष्टिपटलाखाली शिरलेल्या नव्या रक्तवाहिन्यांसाठी पूर्वी प्रकाशसंवेदी औषध व लेसर यांचा एकत्रित वापर होत असे. रानिबिझुमॅबसारखी, रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे इंजेक्शनद्वारे डोळ्यात देण्याची पद्धत आल्यानंतर चित्र बदलले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेडियन्स' या चाचणीत या औषधाने जुन्या उपचारापेक्षा स्पष्टपणे सरस परिणाम दाखविले. उपचार न केल्यास यांतील बहुतांश रुग्णांची मध्यवर्ती दृष्टी काही वर्षांत अत्यंत क्षीण होते. वेळेवर इंजेक्शन मिळाल्यास अनेकांची दृष्टी टिकते व काहींची सुधारते. तथापि आजूबाजूचा ऱ्हास पुढे चालू राहू शकत असल्याने पाठपुरावा सोडता येत नाही.

दृष्टिपटलाचे थर विलग होऊन दृष्टी घटू लागल्यास डोळ्यातील जेल काढून ओढ सैल करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. काही निवडक रुग्णांत डोळ्याच्या मागील बाजूस बाहेरून आधार देणारी पट्टी बसविली जाते. दृष्टी गमावलेल्यांसाठी भिंगे, मोठ्या अक्षरांची साधने व बोलणारे संगणकीय कार्यक्रम उपलब्ध आहेत. त्यांच्या साहाय्याने शिक्षण व नोकरी पुढे चालू ठेवता येते.

जगात आणि देशात

तीव्र निकटदृष्टितेमुळे येणारे अंधत्व पूर्व आशियात दीर्घकाळ चिंतेचा विषय राहिले आहे. जपानमधील ताजिमी शहरातील पाहणीत एका डोळ्याच्या अंधत्वाच्या कारणांत निकटदृष्टितेमुळे झालेला मध्यबिंदूचा ऱ्हास अग्रस्थानी असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले होते. ब्रायन होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगाची जवळपास निम्मी लोकसंख्या निकटदृष्टी असेल आणि सुमारे ९४ कोटी लोकांना तीव्र निकटदृष्टिता असेल.

भारतात या विकाराचे प्रमाण पूर्व आशियापेक्षा कमी असले तरी शहरी मुलांमध्ये ते लक्षणीय आहे. दिल्लीतील ९,८८४ शाळकरी मुलांची तपासणी करून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३.१ टक्के मुले निकटदृष्टी आढळली. त्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश मुलांकडेच योग्य नंबरचा चष्मा होता. दिवसाला पाच तासांहून अधिक अभ्यास व वाचन करणाऱ्या मुलांत प्रमाण अधिक, तर दोन तासांहून अधिक काळ घराबाहेर खेळणाऱ्या मुलांत ते कमी होते. आज निकटदृष्टी असलेल्या मुलांपैकी काहींचे डोळे पुढे लांबत जाऊन तीव्र अवस्थेपर्यंत पोहोचतील. त्यामुळे प्रौढ वयातील अंधत्व टाळण्याची खरी संधी शालेय वयातच असते.

मुलांच्या बाबतीत काय करता येते?

निकटदृष्टिता जितक्या लहान वयात सुरू होते तितका नंबर पुढे मोठा होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून तिची सुरुवात लांबविणे आणि वाढीचा वेग कमी करणे हे उद्दिष्ट असते. चीनमधील ग्वांगझू शहरातील शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा बाह्यतास ठेवून करण्यात आलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टी झालेल्या मुलांचे प्रमाण अशा शाळांत ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के होते. तैवाननेही २०१० पासून मुलांनी रोज दोन तास बाहेर घालवावेत यासाठी शाळांमार्फत मोहीम राबविली. मोकळ्या उजेडाचा हा लाभ निकटदृष्टिता सुरू होण्यापूर्वी सर्वाधिक मिळतो.

निकटदृष्टिता सुरू झाल्यानंतर सौम्य मात्रेतील अॅट्रोपिनचे थेंब, विशेष रचनेचे चष्मे व कॉन्टॅक्ट लेन्स यांमुळे अनेक मुलांत वाढीचा वेग कमी होतो. कोणता उपाय योग्य, हे नेत्रतज्ज्ञांनी वय, नंबर व लांबी पाहून ठरवायचे असते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हा समज निराधार आहे. नंबर वाढू नये म्हणून मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देण्याने वाढ थांबत नाही. डोळ्यांचे व्यायाम किंवा गाजर खाल्ल्याने लांबलेला डोळा आखूड होत नाही.

मार्क बुलिमोर आणि नोएल ब्रेनन यांनी २०१९ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार अंतिम नंबर एका डायऑप्टरने कमी राखता आला तरी निकटदृष्टितेमुळे होणाऱ्या मध्यबिंदूच्या ऱ्हासाची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. मुलाचा नंबर उणे सातऐवजी उणे सहावर थांबला तर चष्म्याच्या काचेत फारसा फरक दिसणार नाही. त्याच्या साठाव्या वर्षीच्या दृष्टीत मात्र तो दिसू शकतो.

तपासणी केव्हा व कशी?

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे. तीव्र निकटदृष्टिता असलेल्या व्यक्तीने, चष्मा वापरत असो वा नसो, वर्षातून किमान एकदा थेंब घालून बाहुली मोठी करून पडद्याच्या कडेपर्यंत तपासणी करून घेणे इष्ट आहे. थेंबांमुळे काही तास धूसर दिसत असल्याने त्या दिवशी वाहन चालवू नये व सोबत कोणी असावे. नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार ओसीटी, डोळ्यातील दाब आणि डोळ्याची लांबी यांचीही नोंद घ्यावी. लांबी मोजण्याची चाचणी वेदनारहित असून काही मिनिटांत होते.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी सवयही उपयुक्त आहे. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, चौकटीच्या वहीचे पान किंवा खिडकीचे गज अधूनमधून पाहावेत. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्यास अथवा मध्ये डाग भासल्यास वार्षिक तपासणीची वाट न पाहता त्वरित तज्ज्ञांना भेटावे. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्यातील बिघाड दुसरा डोळा झाकून टाकतो. त्यामुळे अनेकदा तो फार उशिरा लक्षात येतो.

तीव्र निकटदृष्टिता असलेल्या प्रत्येकाची दृष्टी जातेच असे नाही. बरेच जण आयुष्यभर चष्म्याच्या मदतीने उत्तम काम करतात. परंतु कोणाच्या डोळ्यात बदल स्थिर आहेत आणि कोणाच्या डोळ्यात ते पुढे सरकत आहेत, हे चष्म्याच्या आकड्यावरून कळत नाही. मुलांची उंची व वजन यांप्रमाणे त्यांच्या डोळ्याच्या लांबीचीही नोंद होऊ लागली आणि प्रौढांनी नंबर गेल्यावरही पडद्याची तपासणी चालू ठेवली, तर या विकारामुळे होणारी दृष्टीची हानी बऱ्याच अंशी टाळता येईल.